आईंना आलेला वास

आधीच स्पष्ट करतो — भूत, करणी, सिक्स्थ सेन्स असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जातो. माझं कामही तसंच आहे. जर्मनीत, हॅनोव्हरमधल्या एका कंपनीत मी बॅटऱ्या टेस्ट करतो. म्हणजे त्या पाडायच्या, दाबायच्या, तापवायच्या आणि नेमकं काय बिघडलं याचा रिपोर्ट लिहायचा. त्या रिपोर्टमध्ये 'माहीत नाही' असं लिहायची सोय नसते. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

माझी बायको मृण्मयी ई-बाइकने ऑफिसला जाते, जाताना आमच्या सहा वर्षांच्या रेवाला शाळेत सोडते. एका गुरुवारी संध्याकाळी बाइकची बॅटरी वर आणताना तिच्या हातातून निसटली आणि दगडी जिन्यावरून आठ-दहा पायऱ्या खाली गेली. एका कोपऱ्याला चीर पडली. बाकी काही दिसत नव्हतं.

अशी पडलेली बॅटरी चार्ज करायची नाही, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवायची आणि डिस्पोजलला द्यायची — हा नियम मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. पण नवी बॅटरी यायला तीन आठवडे लागणार होते. आणि माझ्याकडे मोजायची साधनं होती, अनुभव होता. दोन दिवस मी ती केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत ठेवली. सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज मोजलं, जराही उतरलं नव्हतं. तापमान नॉर्मल. फुगवटा नाही. ऑफिसातून गॅस डिटेक्टर आणला. सेल जरा जरी गळत असेल, तरी माणसाच्या नाकाच्या कितीतरी आधी तो पकडतो. रीडिंग शून्य.

"चालेल," मी मृण्मयीला म्हणालो.

"नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की. रोज हेच तर करतो मी."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी बॅटरी वर आणली आणि पॅसेजमध्ये, दाराशेजारी कोट लटकवतो तिथे चार्जिंगला लावली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाहेर पडायला तेवढं एकच दार. मृण्मयी आणि मी किराणा आणायला निघत होतो. घरी रेवा आणि माझ्या सासूबाई थांबणार होत्या. त्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या.

आईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पाच वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला आणि त्यात वासाची जाणीव गेली, ती पूर्णच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस गेली आहे, आता आशा ठेवू नका.

तर मी बूट घालत होतो. आई घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं,

"निखिलराव, नेलपॉलिश पुसायचं ते पाणी कुणी उघडलंय का? गोडूस वास येतोय."

मृण्मयी बुटांसकट आत धावली. "आई, तुला वास येतोय?"

"येतोय ना. मघापासून."

मृण्मयीचे डोळे भरले. तिने कॉफीचा डबा उघडून आईंच्या नाकाखाली धरला. काही नाही. हिंग धरला. काही नाही. "हे नाही गं," आई म्हणाल्या, "तो वेगळा आहे." आणि त्या उठून चालू लागल्या. पॅसेजमधून थेट कोटांपाशी आल्या, बॅटरीसमोर थांबल्या. "हा इथे."

मी गुडघ्यांवर बसून हुंगलं. मृण्मयीने हुंगलं. रेवाही वाकली आणि तिच्या नेहमीच्या जर्मनमध्ये म्हणाली, "इश रीखं निश्ट्स, आजी." तिलाही वास येत नव्हता. मी डिटेक्टर आणून अगदी चिरेला टेकवला. शून्य. तापमान बावीस.

"आई, मी सगळं तपासलंय," मी म्हणालो. "काही प्रॉब्लेम नाही."

त्यांनी वाद घातला नाही. "तुमचं मशीन बरोबरच असेल. पण मी रेवाला घेऊन इथे थांबायची नाही." आणि त्या शांतपणे पायमोजे चढवू लागल्या.

खरं सांगतो, मी फक्त त्यांचं मन राखायला प्लग काढला. बॅटरी खाली नेली आणि मागच्या अंगणात फरशीवर, भिंतीपासून लांब ठेवली. मग किराणा राहिलाच. मृण्मयीला आईंना सोडून जाववेना. ती एकेक डबा त्यांच्या नाकाशी नेत होती, आई हसून मान हलवत होत्या.

साधारण पाऊण तासाने खालून प्रेशर कुकरसारखा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर पांढरा धूर, आणि बघता बघता माणसाच्या उंचीची ज्वाळा, सरळ वर. सेल एकामागून एक फुटत होते. फायर ब्रिगेड येईपर्यंत खालची फरशी तडकली होती.

मी खिडकीपाशी उभा होतो आणि मला आमचा पॅसेज दिसत होता. तो धूर, ते कोट, ते एकच दार. आणि आत आजी आणि नात.

आगीचं कारण मला महिन्याभरात कळलं. लॅबमध्ये सहकाऱ्याने उरलेलं पॅक उघडलं. पडताना एका सेलमधला आतला पडदा दबला होता, चार्जिंग सुरू झाल्यावर तिथे शॉर्ट झालं. असं नुकसान बाहेरून मोजून कळत नाही. म्हणूनच तो नियम आहे आणि तो मोडणारा मी होतो. यात कसलंही गूढ नाही.

वासाचंही उत्तर मी आधी सहज दिलं होतं. सेल गळतो तेव्हा गोडसर वास येतोच. आईंची नस थोडी सुधारली असेल, संपलं. पण डिटेक्टर लॅबमध्ये तपासला, तो अगदी अचूक निघाला. म्हणजे आई बॅटरीसमोर उभ्या होत्या तेव्हा हवेत काही नव्हतंच. मग आईंना इथल्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या, वेगवेगळे वास भरलेल्या सगळ्या कांड्या एकेक करून नाकासमोर धरल्या, अगदी झोंबणाऱ्यासुद्धा. आईंना एकही ओळखता आली नाही. मग मी त्यांनाच विचारलं.

"आला म्हणजे आला," त्या म्हणाल्या. "मी तरी काय सांगू?"

इतकी वर्षं मी कारणं शोधतोय, आणि बहुतेक वेळा ती सापडतात. हे सापडलेलं नाही.

आई आता साताऱ्याला परतल्यात. परवा त्यांच्या शेजारणीचा मृण्मयीला फोन आला. आईंच्या गॅसवर दूध करपून काळं झालं होतं, वास पार खालच्या मजल्यापर्यंत गेला होता. बाई धावत वर गेल्या तर आई त्याच स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होत्या.