थंडीतलं ॲव्हरेज

गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून अंकल म्हणायचे, "उठली नाय अजून." तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते, तसा तो हात असायचा. फक्त इथे तक्रार ताप नसल्याची होती.

डिसेंबर लागला की आमच्या माझगावच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य रोज कानावर पडायचं. मुंबईत कसली आलीय थंडी, असं म्हणून निफाडच्या वाचकांनी खुशाल हसून घ्यावं. पण आम्हाला ती लागते. कपाटातले स्वेटर आम्ही हौसेने काढतो आणि दुपारी घामाघूम होऊन कंबरेला बांधतो.

ते शिपिंगच्या ऑफिसातून रिटायर झालेले, जुन्या मुंबईतले कॅथलिक. बिल्डिंगला ते अंकल आणि त्यांच्या बायको आंटी. गाडी पांढरी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. चोकची दांडी ओढल्याशिवाय सकाळी चालू व्हायची नाही. मागच्या अंगणात, गोदीच्या भिंतीला तोंड करून ती उभी असायची.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी गोदीतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे आणि मला फॉल्ट शोधायची खाज आहे. कुणाचा पंखा कुरकुरला तरी माझा जेवताना घास अडतो. अंकल मला 'मिस्त्री' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही.

तर त्या वर्षी गाडीचं ॲव्हरेज पडलं. दिवाळीपर्यंत शहाण्यासारखी चालणारी गाडी डिसेंबरात नुसती पेट्रोल प्यायला लागली. अंकलचा मुलगा ठाण्याला राहायचा, रविवारी यायचा. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. एका रविवारी माझ्यासमोरच तो म्हणाला, "डॅडी, फॉल्ट सापडला तर ठीक. नाहीतर नाताळ झाला की ही गाडी काढून टाकू. आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

अंकल बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा एवढा उतरला होता की मी भर अंगणात सांगून टाकलं, फॉल्ट मी शोधतो.

प्लग काढून घासले. एअर फिल्टर बदलला. टायरमध्ये हवा भरली, ब्रेक धरून राहतायत का ते पाहिलं. मग मला मोठा शोध लागला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. आपल्याकडचे मेकॅनिक ती सर्रास काढून टाकतात, कारण मुंबईत सगळ्यांना काळजी गाडी गरम होण्याची. अंकलच्या गाडीतही ती नव्हती. मग थंडीत इंजिन तापायला वेळ लागणार आणि पेट्रोल जास्त जाणारच. जुन्या बाजारातून झडप आणून मी ती बसवली आणि लढाई जिंकल्यासारखा चहा मागितला. अंकलनी चहा दिला. "कर तू, मिस्त्री, कर," म्हणाले.

ॲव्हरेज तसंच राहिलं.

तेव्हा मी टाकी फुल केली आणि अंकलना शेजारी बसवून सायनपर्यंत जाऊन आलो. गाडीने झकास ॲव्हरेज दिलं. म्हणजे चालताना गाडी निरोगी होती. पेट्रोल जात होतं ते ती उभी असताना. टाकी गळत नव्हती. मग उरलं काय? चोरी. तुम्हीही हाच निष्कर्ष काढला असता. नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणारे महाभाग आमच्या भागाला नवे नाहीत.

चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी दुसऱ्या दिवशी उजाडताना मागच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. हातात मोठा पाना. माझं घर रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे मागच्या अंगणातलं उजाडणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

चोर आला नाही. अंकल आले. त्यांच्या हाताला धरून आंटी, अंगावर चर्चला जायचा निळा फ्रॉक आणि वर शाल. मांडीवर धरायला पत्र्याचा डबा. अंकलनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, चोक ओढला आणि गाडी चालू केली. दोन्ही काचा खाली केल्या. गाडी काही हलली नाही. भिंतीकडे तोंड करून दोघं बसून राहिले.

मला वाटलं, आता निघतील, मग निघतील. इंजिन आपलं घुरघुरत होतं.

बऱ्याच वेळाने आंटींचा आवाज आला. "खाडी आली काय?"

"आली ना. वारा बघ कसा लागतो," अंकल म्हणाले.

आंटींनी शाल गळ्याशी घट्ट ओढली आणि हसल्या. आणखी थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पोचलो?"

"पोचलो," म्हणून अंकलनी चावी फिरवली.

पाना लपवायला जागा नव्हती. अंकलनी मला पाहिलं. आंटींना घरात सोडून ते परत आले आणि जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले.

"तिला आता काय काय आठवत नाय रे," ते म्हणाले. "पन थंडी पडली की म्हायेर आठवतं. नाताळात आमी घरी तळलेल्या गोड कलकलचा डबा घेऊन वसईला जायचो, याच गाडीनं. सकाळी उठली की तयार होऊन बसते. नाय म्हटलं तर दिवसभर रडते."

"मग खरंच का नाही नेत?"

"न्हेलं होतं. ते घर पाडलं, बिल्डिंग झाली. तिथं रस्त्यावर तिनं जो आकांत केला... त्यापेक्षा आमी हितंच पोचतो." मग माझ्या हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले, "गाडी गेली तर तिला कशात बसवू, मिस्त्री?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. एवढी वर्षं इंजिनं उघडली, पण पेट्रोल असंही जळतं हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी मुलगा आला. मी त्याला सांगितलं, "फॉल्ट सापडला. जुनं इंजिन आहे, थंडीत पितंच. थंडी गेली की सुधारेल. उगाच काढू नका." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मुलाला घाई होती, त्याने मानलं. अंकल बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

आंटी पुढच्या गणपतींनंतर गेल्या, झोपेतच.

आता अंकल ठाण्याला असतात आणि त्यांच्या जागेवर कुणाची तरी बॅटरीवरची गाडी उभी असते. ती चालू झाली तरी कळत नाही. पण जाण्याआधी एक डिसेंबर त्यांनी इथे एकट्याने काढला. एकदा अंगणात भेटले तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "काय अंकल, ॲव्हरेज कसं?"

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "आता काय पीत नाय."

मग त्यांनी दार उघडलं. "बस जरा."

पुढची डावी, आंटींची सीट सोडून मी मागे बसलो. त्यांनी चोक ओढला, काचा खाली केल्या. भिंतीवरून गोदीचा गार वारा येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी समोरच बघत विचारलं, "पोचलो काय रे?"

"पोचलो, अंकल," मी म्हणालो.

त्यांनी चावी फिरवली आणि शेजारच्या सीटवर वाकून तिकडची काच आधी वर केली.