नैवेद्याचा पाट

पत्नी जिन्यात पडली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी हाडाचा मोडका गोळा काढून धातूचा बसवला. घरी सोडताना बजावलं, "दादा, ज़मीन पर बिल्कुल मत बैठाना. जोड़ निकल जाएगा."

पुढे महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे नैवेद्याच्या वेळी देवघराचं दार लोटून घेतात; आत फक्त जोडपं, पाटांवर. सुनेने आत खुर्ची ठेवली होती. दार लोटल्यावर मी ती कोपऱ्यात सरकवली.

"देवीसमोर खुर्चीवर? आपल्या घरात कधी झालंय असं?"

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"पाचच मिनिटं."

"म्हणजे पाय माझा, हट्ट तुमचा. बरं, धरा मला."

ती वाकली आणि खुब्यातून खट्‌ आवाज आला. तिने किंकाळी फोडली. पाय आत वळला होता, आखूड दिसत होता. सून दार ढकलून आत येईपर्यंत मी पत्नीचा पाट बाजूला सरकवून खुर्ची पुन्हा जागेवर ओढली होती.

"फरशी ओली होती. घसरली."

फरशी सकाळी सुनेनेच पुसली होती. तिचा चेहरा उतरला.

आमच्या शहरातल्या नानाखेडा भागाच्या पुढच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, "नीचे बैठी थीं क्या?"

"नहीं, फिसल गईं."

स्ट्रेचरवरून पत्नीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हां, फिसल गई."

"बेहोश करके खींचेंगे. नहीं बैठा तो फिर खोलना पड़ेगा. इनकी शुगर देखते हुए जोखिम है."

पत्नीला आत नेलं, ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. सून माझ्याजवळ बाकावर बसली, ओढणीचं टोक पिळत.

"बाबा, मी नीट कोरडं करायला हवं होतं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी दाराकडे बघत राहिलो.

सांधा बसला, पण पुन्हा निखळला. शेवटी उघडावंच लागलं, जखम चिघळली. पत्नी अंथरुणातून उठलीच नाही. गेल्या वर्षी ती गेली. भेटायला येणाऱ्यांना सून स्वतःच सांगायची, "माझ्याच हातून झालं." मी तिथेच बसून ऐकत असे. कुणी म्हणालं, "असू दे, बेटा, होनी को कौन टाले," तर मीही मान हलवत असे.

ती फरशी कोरडी होती. खुर्ची मी काढली, पाट मी मांडला. हे लिहिलंय ते इतर कुणी वाचायच्या आधी मी सुनेला वाचून दाखवणार आहे. त्यानंतर तिने मला 'बाबा' म्हणायचं सोडलं, तरी माझी तक्रार नसेल.