अनुभवाचा रकाना

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चाळिशी उलटल्यावर ट्रक ड्रायव्हर व्हायचं होतं. हेवीचं लायसन नुकतंच हातात आलेलं, आणि नव्या लायसनवर ट्रक कुणी देत नाही. कुणी तीन वर्षांचा अनुभव मागायचं, कुणी पाच. कुणी विचारायचं, घाटात किती गाडी मारली आहे. सांगलीच्या एका मालकानं तर सांगितलं होतं, "मामा, आधी दुसऱ्याची गाडी ठोकून शिका, मग माझ्याकडं या." आण्णा हे घरी हसून सांगायचे.

खरं तर चौदा गळीत हंगाम त्यांनी उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. कुंडलजवळच्या एका बागायतदाराचा, मागं दोन ट्रॉल्या लावलेला. एक ट्रॉली कुणीही मागं घेतं. दोन भरलेल्या ट्रॉल्या रिव्हर्समध्ये सरळ नेणारी माणसं आमच्या भागात मोजकीच होती. बागायतदाराची मुलं मोठी झाली, ट्रॅक्टर ती चालवू लागली आणि आण्णा घरी बसले.

मी तेव्हा कराडला आत्याकडे राहून इंग्लिश मीडियमच्या शाळेत दहावीत होते. आत्या नर्स होती, फी तीच भरायची. वर्गात मी फारसं बोलायचे नाही, आणि जेवढं बोलायचे त्यात एक गोष्ट अर्धी होती. वडील काय करतात असं कुणी विचारलं, की मी "साखर कारखान्यात असतात" म्हणायचे. ऐकणारी आपापल्या मनानं टेबल, खुर्ची, पंखा उभा करायची. मी ते उभं राहू द्यायचे.

हायवेजवळच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये माणसं हवी आहेत, असं आत्याला दवाखान्यात कळलं. रविवारी सकाळच्या एसटीनं आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ज्या कंपनीचा माल तिथून जायचा तिला ड्रायव्हरची माहिती फॉर्मवर इंग्लिशमध्ये भरून लागे, म्हणून मला बरोबर नेलं. ते ट्रान्सपोर्ट माझ्या वर्गातल्या मुलीच्या वडिलांचं आहे हे मला माहीत होतं. आण्णांना मी ते सांगितलं नाही.

मालकांनी मला ओळखलं. "तू आमच्या मुलीच्या वर्गात ना? तुझे वडील कारखान्यात आहेत म्हणाली होती ती."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी फॉर्मकडं.

नाव, वय, लायसन नंबर लिहून झालं. पुढचा रकाना होता: आधी कोणतं वाहन चालवलं, किती वर्षं. आण्णा खुर्ची जवळ ओढून हळू म्हणाले, "हितं ट्रॅक्टरचं लिव्ह. चौदा सीझन. दोन ट्रॉल्या हाईत म्हणून पन लिव्ह."

उसाचा ट्रॅक्टर. उद्या सकाळच्या प्रार्थनेच्या रांगेत ते माझ्या आधी पोचलं असतं.

"हे फक्त ट्रकचं विचारलंय, आण्णा," मी म्हणाले.

फॉर्मवर ट्रक हा शब्दच नव्हता. वाहन म्हणजे काय हे मला चांगलं कळत होतं.

"बरं," ते म्हणाले. "तुला जास्त कळतं." मी रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

मालकांनी कागद वाचला. "अहो, हे कोरंच आहे की. काहीच चालवलं नाही आजवर?"

"आवं तसं न्हाई मालक, मी..." म्हणत आण्णा माझ्याकडं वळले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. ते म्हणाले, "न्हाई. नवीनच हाय मी."

"मग वर्षभर क्लीनर म्हणून फिरा. घाट बघा, रस्ते बघा. मग स्टिअरिंगचं बोलू."

बाहेर आल्यावर चालता चालता आण्णा म्हणाले, "अक्षर लय देखणं हाय तुजं."

आण्णा क्लीनर म्हणून लागले. त्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. तो केबिनमध्ये बसायचा आणि आण्णा मागं उभे राहून ट्रकच्या अंगावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे. "मामा, झोप लागली का उभ्या उभ्या?" असं तो वरून विचारायचा आणि आण्णा हसायचे. हे मी एकदा शाळेतून येताना ऐकलं. बरोबर दोघी मैत्रिणी होत्या. आण्णांनी मला पाहिलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि ट्रकला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. मला त्यांना न ओळखण्याची वेळच येऊ दिली नाही.

आठ महिने असे गेले. मग सांगलीत हळदीच्या एका गोदामाच्या बोळात त्या ड्रायव्हरनं मागं घेताना गाडी दोनदा भिंतीला घासली. मालक त्या दिवशी तिथंच होते. आण्णा म्हणाले, "मी लावू का?" आणि एका दमात गाडी दारापर्यंत मागं नेली. त्या दिवशी मालकांनी ड्रायव्हरकडून आण्णांची सगळी माहिती काढून घेतली. आठ महिन्यांच्या गप्पांत आण्णांनी त्याला ट्रॅक्टरचं सांगितलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी आत्यानं दिलेला डबा घेऊन ऑफिसवर गेले, तेव्हा मालक आण्णांशी बोलत होते. "चौदा वर्षं डबल ट्रॉली मागं घेणारा माणूस, आणि मी त्याला काचा पुसायला ठेवला. ट्रॉलीवाल्याला आपल्याकडं कुणी नवीन म्हणतं का? पहिल्याच महिन्यात गाडी दिली असती. फॉर्मवर लिहिलं का नाही?"

"ध्यानातच आलं न्हाई बगा," आण्णा म्हणाले. "ट्रॅक्टरला कोन इचारतंय, म्हटलं."

मालक माझ्याकडं वळले. "आणि तू गं? शिकलेली मुलगी तू."

खरं सांगायला एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. रागावलेसुद्धा नव्हते ते.

"मला वाटलं, फक्त ट्रकचं लिहायचं असतं," मी म्हणाले.

"असो. सोमवारपासून गाडी तुमची," ते आण्णांना म्हणाले आणि आत गेले.

आण्णांचा चेहरा इतका उजळला होता, की माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला आजही जड जातं. वाटलं, सुटले. आपण पकडले गेलो नाही.

"आण्णा, त्या दिवशी मी..." असं मी सुरू केलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "आत्यानं काय दिलंय बगू. मेथी हाय व्हय? बस, तू पन खा दोन घास."

ट्रकच्या सावलीत ताडपत्री अंथरून ते बसले. मीही बसले, त्यांच्या शेजारीच. रस्त्याकडं पाठ करून.