वाचनालयाच्या यादीतल्या रिकाम्या ओळी

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी ‘जरा नीट करून द्यायचं’ काम बाबांनी माझ्या वतीने परस्पर स्वीकारलं. माजिवड्याच्या ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून असते, म्हणजे मला रिकामा वेळ भरपूर असणार, असा त्यांचा पक्का समज.

यादी टाइप केली होती तिथल्या एका निवृत्त काकांनी. सात वर्षं, एका बोटाने, साध्या नोटपॅडमध्ये. रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन गेले. पेनड्राइव्ह लावून फाइल उघडली आणि मला काकांची कीवच आली. मध्येच एखादी ओळ रिकामी, मध्येच दोन. काही पुस्तकांच्या नावाआधी उगाच दोन स्पेस. बिचाऱ्यांना एंटर कधी थांबवायचं ते कळत नसावं!

“काका, दहा सेकंदांचं काम आहे,” मी म्हणाले.

“दहा सेकंद? मला सात वर्षं लागली गं.”

यावर शहाण्या माणसाने एखादा प्रश्न विचारला असता. पण मी पडले इंजिनीअर. टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि सेड नावाच्या कमांडला एका ओळीत हुकूम दिला: रिकाम्या ओळी काढ, सुरुवातीच्या स्पेस काढ, आणि सगळं मूळ फाइलमध्येच बदल. आधी कॉपी वगैरे नवशिके काढतात. एंटर दाबलं. दहा कसले, एक सेकंदही लागला नाही.

काका चष्मा सावरून बराच वेळ यादी वरखाली करत राहिले.

“खण कुठे गेले?”

“कसले खण?”

“अगं, एक रिकामी ओळ म्हणजे कपाटाचा खण संपला. दोन रिकाम्या म्हणजे कपाट संपलं. आणि आधी दोन स्पेस म्हणजे ते पुस्तक बाइंडिंगला द्यायचंय.”

सहा हजार पुस्तकं आता एकाच अखंड कपाटात, एकाच अखंड खणात, ठणठणीत तब्येतीने उभी होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “चहा घेशील?”

पुढचे चार रविवार मी स्टुलावर चढून प्रत्येक खणातल्या शेवटच्या पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचत होते. फाटकी पुस्तकं बाजूला काढत होते. धूळ नाकात गेलेली, शिंकून बेजार. एकदा खाली उतरून मी कीबोर्डकडे हात नेला, तर काकांनी लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला.

“एंटर मी दाबतो. तू वाच.”

वार्षिक सभेत अध्यक्षांनी यादीचं ‘आधुनिकीकरण’ केल्याबद्दल मला शाल आणि नारळ दिला. खरं काय झालं ते सांगायला मी माइककडे गेले, तर अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, वेळ कमी आहे, अल्पोपाहार गार होतोय.” यादीच्या संदर्भात काकांचा उल्लेखसुद्धा झाला नाही. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त तेच वाजवत होते.

मला लाज वाटली. खाली येऊन मी नारळ त्यांच्यापुढे धरला.

“राहू दे गं,” ते म्हणाले, “घरी दोन पडलेत. शाल देतेस का? ती बरी दिसतेय.”

दिली.