ल्युबेकची चर्चं आणि आम्ही तिघं

किस्से फ्रीजमधल्या उरलेल्या भाजीसारखे असतात. एकट्याच्या घरात जरा जास्तच साठतात, कारण संपवायला दुसरं कोणी नसतं! म्हणून आम्ही तिघं दर शनिवारी सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, कॉफी घेऊन बसतो आणि आपापले डबे रिकामे करतो.

तिघं म्हणजे हौगांगच्या नीलाताई, ज्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी पर्थला गेलीय. चोआ चू कांगचे केळकर, रिटायर्ड इंजिनियर. त्यांची बायको सुलभा आता नाही. आणि मी वसुधा, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, लग्न केलं नाही. तिघांच्याही घराला एकेकच चावी!

गेल्या मे महिन्यात केळकर कॉफी ढवळता ढवळता म्हणाले, "मी सिंगापूरला आलो तेव्हा ज्या बिल्डिंगमध्ये उतरलो, ती पाडली. ज्या ऑफिसात लागलो, तेही पाडलं. मला माझ्यापेक्षा म्हातारं काहीतरी बघायचंय!"

म्हणून आम्ही उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकला गेलो. छोटंसं जुनं गाव, आणि जिकडे बघावं तिकडे लाल विटांची उंचच उंच चर्चं.

*

पहिल्याच चर्चमध्ये नीलाताई दारातच अडल्या. आत जमिनीवर सगळी थडगी! मोठमोठ्या फरशा, त्यांवर नावं कोरलेली, पायांखाली झिजत चाललेली. नीलाताई भिंतीला धरून कडेकडेने सरकायला लागल्या.

"अगं नीला, अख्खी जमीन थडग्यांचीच आहे. उडत येणार आहेस का?" केळकर म्हणाले.

"ओळख ना देख, असा कसा पाय देऊ कुणाच्या अंगावर?"

"म्हणजे ओळखीचा असता तर दिला असतास?"

"ओळखीच्यांना सॉरी तरी म्हणता येतं!" नीलाताई म्हणाल्या.

मग त्या खरंच प्रत्येक फरशीला हळूच "सॉरी हं" म्हणत आत आल्या. चर्च भलतंच मोठं होतं. आम्हाला जेवायला उशीर झाला.

*

त्याच चर्चच्या एका कोपऱ्यात दोन प्रचंड घंटा पडल्यात. युद्धात बॉम्ब पडले, चर्च पेटलं, तेव्हा वरून कोसळल्या. फुटून, वितळून, फरशीत रुतून बसल्यात. लोकांनी पुढे सगळं चर्च दुरुस्त केलं, पण घंटा तिथेच राहू दिल्या.

तिथे मोठ्यांदा कोणी बोलत नव्हतं. केळकर जाळीला धरून उभे राहिले ते हलेचनात. मी विचारलं, "दमलात का?"

त्यांनी मान हलवली आणि नीलाताईंकडे वळले. "बघितलंस? घंटा पडल्या, फुटल्या, तरी यांनी तशाच ठेवल्या. आणि तू मला सुलभाचा मिक्सर टाकून द्यायला सांगतेस!"

नीलाताईंनी त्यानंतर मिक्सरचं नाव काढलेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी जुन्या काळच्या एका धर्मशाळेत गेलो. पुढे चर्च आणि त्याच्या मागे लांबलचक हॉल. हॉलमध्ये ओळीने लाकडी खोल्या, एक पलंग जेमतेम मावेल एवढ्या. गावातले निराधार म्हातारे तिथे राहायचे. परवापरवापर्यंत राहत होते म्हणे!

"यापेक्षा माझी स्टोअररूम मोठी आहे," केळकर म्हणाले. "आणि वर छतच नाही! शेजारचा खोकला तर इकडे झोपमोड."

मलाही ते बघून गुदमरल्यासारखं झालं. नीलाताई मात्र एका खोलीच्या दाराशी थांबून आत बघत होत्या.

"मला आवडेल," त्या म्हणाल्या.

"अगं, प्रायव्हसी नाही काही नाही!"

"तेच. शेजारचं कोणी खोकलं तर आपल्याला कळेल. आणि आपण नाही खोकलो, तर त्यांना."

आम्ही तिघंही मग बाहेर आलो. बाहेर ऊन होतं.

*

रविवारी एका चर्चमध्ये नुसतं बघायला म्हणून शिरलो आणि प्रार्थना सुरू झाली. मधेच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून बसून राहिलो. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं.

एकदम सगळे एकमेकांकडे वळले आणि हात मिळवायला लागले! केळकर ऑफिसच्या सवयीने ताठ उभे राहून प्रत्येकाला सांगत सुटले, "केळकर, फ्रॉम सिंगापूर. केळकर, फ्रॉम सिंगापूर."

माझ्या पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई मागे वळली. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांत बघून जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, आणि हात सोडेचना. किती उबदार हात होते! माझा हात असा कोणी शेवटचा कधी धरला होता, मला आठवेना. काहीतरी बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, "सेम टू यू!"

*

हॉटेलची मॅनेजर रोज आमच्याकडे कुतूहलाने बघायची. एक पुरुष, दोन बायका, तीन वेगळ्या खोल्या, आणि नाश्त्याला मात्र एकच टेबल. शेवटी तिने विचारलंच, "यू आर फॅमिली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"नो," केळकर म्हणाले, "व्हॉट्सॲप ग्रुप!"

*

निघायच्या दिवशी एका चर्चच्या मनोऱ्यावर गेलो. आत चक्क लिफ्ट आहे! वर चारी बाजूंनी गॅलरी, भन्नाट वारा, आणि खाली सगळं गाव. नीलाताईंनी उत्साहाने मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"मृण्मयी, बघ मी कुठे आहे!"

"मम्मी, मीटिंगमध्ये आहे. लेटर बोलू, कॅन?"

कॉल संपला. पण नीलाताईंनी फोन खाली केला नाही. तो तसाच हातात धरून त्या सावकाश फिरवत राहिल्या. छपरं, झाडं, पाणी, एकेक करून. मला आधी वाटलं मुलगी आहे अजून लाइनवर. मग स्क्रीन दिसला. काळा होता.

केळकरांनीही तो बघितला होता. ते चालत गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

नीलाताईंचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर केळकर, वाऱ्याने केस उभे.

"हॅलो नीला! मी चोआ चू कांगहून बोलतोय. कशी आहेस? थंडी आहे का तिकडे?"

नीलाताईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. बराच वेळ. मग चष्मा पुसला आणि फोनचा कॅमेरा गावाकडे वळवला.

"आहे थोडी. हे बघा, इथून नदी दिसते. आणि ते पलीकडे, लांब..."

"सावकाश दाखव," केळकर म्हणाले. "मला काही मीटिंग नाहीये."