कामट्या काढणारीचं नाव

आजऱ्याला आबा, माझे वडील, टोपल्या विणायचे. पुढं प्लास्टिकची घमेली आली आणि आठवडी बाजारात मांडलेली सुपं, दुरड्या संध्याकाळी तशाच घरी परत यायला लागल्या. आबांनी कोयता माळ्यावर टाकला. त्यांचं बोलणंही कमी झालं. मी तेव्हा कोल्हापुरात नर्स होते. सुट्टीला गेले की ते घर नको वाटायचं.

मग एक दिवस वेंगुर्ल्याच्या एक बाई आमचा पत्ता शोधत आल्या. समुद्राकाठचं आजोळचं घर दुरुस्त करून त्या छोटं, देखणं हॉटेल काढत होत्या. आतली प्रत्येक वस्तू आसपासच्या कारागिरांची. दिव्यांसाठी त्यांना बांबूची विणलेली झाकणं हवी होती.

“दिव्यावर टोपलं पालथं घालायचं? मग उजेड कुठनं पडायचा वो?” आबा म्हणाले.

“विणीतून पडेल, काका. तोच हवाय मला.”

दोन महिने आई-आबा सोप्यात बसून होते. आई बांबू चिरून पातळ कामट्या काढायची, आबा विणायचे.

उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो. दिवे लागले आणि भिंतभर विणीची नक्षी उमटली. खाली लाकडी पाटीवर आबांचं नाव होतं. मी वाचून दाखवलं.

“आणि हिचं कुठं हाय?” आबा पाहुण्यांसमोरच मोठ्यानं म्हणाले. “कामट्या हिनं काढल्यात. मी नुसतं विणलंय.”

“गप बसा की,” म्हणत आईनं चिरा पडलेले हात पदराखाली घेतले. मीही आबांची बाही ओढली. मला वाटलं, बाई आता रागावणार.

बाई जवळ आल्या. “चुकलं माझं. मावशी, पूर्ण नाव सांगा तुमचं.”

आईनं नाव सांगितलं आणि ती अडखळली. “पुढं ह्यांचं लावू, का माझ्या वडलांचं?”

“तुम्हाला हवं ते.”

“बापाकडनं शिकलीस न्हवं?” आबा म्हणाले. “त्याचंच लाव.”

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधी सुतारानं नवी पाटी ठोकली. आईला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून, एकेक नाव वाचत, अक्षरांवरून फिरवलं. वडलांच्या नावापाशी ते बराच वेळ थांबलं.

ऐन समारंभात ऐकून घेणाऱ्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आणि आबांचेही. मी गप्प करत असताना ते गप्प बसले नाहीत.