बटण तिनं दाबलं

धाकट्या दिराचं लग्न होईपर्यंत आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी म्हणजे मी. घरी बसून लग्नपत्रिका आणि स्मरणिका टाइप करून द्यायची मी, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर काढायचीही मीच. सासरे आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्या सूनबाईंना त्यातलं सगळं कळतं." मग धाकटी जाऊ आली. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, न्यायला दारात गाडी. महिन्याभरात सासऱ्यांचं वाक्य तेच राहिलं, फक्त सूनबाई बदलली.

माझा जळफळाट व्हायचा. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू?

त्याच तिरीमिरीत मी तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड आणला, आणि एका शनिवारी, मुद्दाम सगळे घरात असताना, जुन्याच कॅबिनेटमध्ये स्वतः बसवला. बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रॅम काढून परत लावली, सगळ्या वायरी खोचून पाहिल्या. स्क्रीन काळा तो काळाच.

"पुरे झाली शोभा," सासरे पेपरमधून मान वर न करता म्हणाले. "धाकटीला बोलव."

ती आली, माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मला यातलं काही कळत नाही हो. ऑफिसात मशीन बंद पडलं की आम्ही फोन करतो, कोणीतरी येऊन बघतं." ते ऐकून मला जी तरतरी आली, ती चहानंसुद्धा कधी आली नव्हती.

"टॉर्च धर," मी म्हटलं.

बोर्ड बाहेर काढून लाकडी टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या, तर पंखा छान फिरत राहिला. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता, घोळ कॅबिनेटमध्येच होता. टॉर्चच्या उजेडात तो सापडला. जुना बोर्ड ज्यांच्यावर टेकलेला असायचा, त्या पितळी खुंट्यांपैकी एक नको त्या जागी उभी होती. नव्या बोर्डाला तिथं भोकच नव्हतं, त्यामुळे ती खालून टोचून शॉर्ट करत होती. पक्कडीनं ती काढली आणि बोर्ड पुन्हा बसवला. मॉनिटरची वायर नीट बसत नव्हती, म्हणून ती धरायला मी टेबलाखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "दाब बटण!"

तिनं दाबलं. मधेच बाहेर गेलेले सासरे नेमके तेव्हाच आत आले. उजळलेला स्क्रीन, त्याच्यासमोर धाकटी आणि टेबलाखाली मी, एवढंच त्यांना दिसलं.

"बघा! हात लावला आणि झालं."

"नाही हो बाबा, सगळं वहिनींनी केलं. मी नुसता टॉर्च धरला होता," ती अगदी कळवळून म्हणाली. एकदा नाही, दोनदा म्हणाली.

सासरे माझ्याकडे वळले. "शिक जरा. एवढी इंजिनीअर, पण गर्व म्हणून नाही."

तिनं श्रेय लाटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.